विझलेले लोखंड

गेल्या दिवाळीत घुग्घुसला बहिणीकडे गेलो होतो. भाऊजी चंद्रपूरकडच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात आहेत. वसुबारसेला त्यांनी मला तो दाखवला. रात्रीच्या पावसात भिजलेल्या एका काळ्या ढिगातून वाफा निघत होत्या. मी सहज म्हणालो, "ओता की चार बादल्या पाणी, विझेल!"

भाऊजींनी माझा दंडच धरला. "भलतंच! तापलेल्या या लोखंडावर पाणी पडलं की हायड्रोजन सुटतो. मग एक ठिणगी पुरे!" विज्ञानावर सदर लिहिणाऱ्या माझा चेहरा उतरला.

रात्री अंगणात भाच्याने फुलबाजी पेटवली अन् विचारले, "मामाजी, लोखंड आपोआप काऊन तापते?"

"तुझ्या हातात काय आहे?" मी म्हणालो. फुलबाजीच्या ठिणग्या म्हणजे जळणारा लोखंडाचा कीसच. आईचा तवाही लोखंडाचा, पण तो जळत नाही. हवा फक्त त्याच्या वरच्या थराला लागते. स्पंज आयर्न करताना खनिजातला प्राणवायू कोळशाच्या मदतीने, हजारएक अंश उष्णतेत, लोखंड न वितळवता काढून घेतात. त्याच्या जागा रिकाम्या राहतात आणि खडा आतून जाळीदार होतो. हवेतला प्राणवायू त्या जाळीत शिरून धातूला चिकटतो, त्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो. त्या झटापटीत उष्णता सुटते.

पण वाचकहो, खरी गंमत पुढेच आहे. १९५० च्या सुमारास जर्मनीत क्रेमर यांना आढळले की, नुकत्याच घासलेल्या धातूजवळ गायगर मोजयंत्र टिकटिकते, किरणोत्सर्गाचा पत्ता नसताना! धातूतून इलेक्ट्रॉनच बाहेर उडत होते. पुढे बर्लिनमध्ये गेरहार्ड एर्टल यांच्या चमूने सीझियमवर प्राणवायू सोडून असे इलेक्ट्रॉन मोजले. घन पृष्ठभागांवरील रासायनिक क्रियांच्या अभ्यासासाठी एर्टल यांना २००७ चे नोबेल मिळाले. सीझियममधून इलेक्ट्रॉन सुटायला सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात; लोखंडाला साडेचार लागतात. म्हणून ढिगातले इलेक्ट्रॉन सहसा उंबरठा ओलांडत नाहीत आणि सारी धग घरातच कोंडते.

भाच्याची फुलबाजी संपली. लाल तार हातात धरून तो घुटमळला. "मग ही बादलीत टाकू का नको?"

आतून भाऊजी ओरडले, "ती टाक रे! फक्त मामाजींना बादली देऊ नको!"