आईबरोबर ब्रंच

ब्रंच म्हणजे ना धड नाश्ता, ना धड जेवण! शब्दही तसा जुनाच. 1895 साली गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने एका लेखात त्याची बाजू मांडली, शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्यांसाठी. म्हणजे आपल्यासाठीच की!

या रविवारी प्रमोशनची ट्रीट म्हणून आईला कोरेगाव पार्कातल्या एका महागड्या कॅफेत नेलं. दोघी अशा निवांत शेवटच्या कधी बसलो होतो, आठवेना. तिने मेन्यू सवयीने उजवीकडून वाचला.

"साडेसहाशेला दोन अंडी?"

"आई, आज किंमत बघायची नाही हं."

एग्ज बेनेडिक्ट आलं. सुरी लावताच पिवळाधमक बलक मफिनवर ओघळला. वर हॉलंडेज, म्हणजे बलक, लोणी आणि लिंबाचा सॉस. आच जरा वाढली की फाटणारा. इथला अगदी मखमली! आईने एक घास घेतला, मग दुसरा. बोलली काहीच नाही. आमच्याकडे हे दुर्मिळ. (पॅनकेक्स सोडून द्या, नुसता मैदा.)

बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज. वाद नको म्हणून मी गुपचूप कार्ड काढलं. पण बँकेत तीस वर्षं आकडे तपासलेली बाई ती! "दादा, हा सक्तीचा नाही. 2022 मध्येच ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलंय. काढा बरं." चार्ज निघाला. मग पर्समधली शंभराची नोट तिने त्याच वेटरच्या हातात ठेवली.

रिक्षात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तो पिवळा सॉस घरी जमेल का गं? पुढच्या रविवारी येशील?"