कोपीचा खर्च कोणाच्या माथी?

अंबड तालुक्यातील अंकुशनगर ही वसाहत साखर कारखान्यामुळे उभी राहिली. उसाच्या पैशातून वस्ती वसविता येते, याचा हा पुरावा. मग ऊस तोडणाराच छपराविना का?

गळीत हंगामात मराठवाड्यातील तोडणी मजुराचे बिऱ्हाड कित्येक महिने कोपीत काढते. बांबू, ताडपत्री, पाचट. फड बदलला की कोपी मोडावयाची आणि पुन्हा उभारावयाची. सुट्या भागांची, जोडता येणारी स्वस्त घरे आज शहरांसाठी आखली जातात. ही विद्या मजुराला पूर्वीपासून अवगत आहे. मात्र तिचा खर्च त्याचा, थंडीवारा त्याच्या मुलांना आणि आडोशावाचून न्हाण्याची विटंबना त्याच्या बायकोची.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने निवाऱ्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली, पण ती राज्याची सीमा ओलांडणाऱ्या मजुरांपुरती. बीडहून जालन्यास आलेला मजूर त्यात बसलाच नाही. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना मंजूर झाली. तिचे स्वागतच आहे; परंतु आईबापांचे काय?

आमची मागणी स्पष्ट आहे. गाळप परवान्यास निवाऱ्याची अट जोडा. सुटे होणारे लोखंडी सांगाडे, बिऱ्हाडागणिक कुलूप लागणारी खोली, सामाईक न्हाणीघरे, शौचालये, पाणी, वीज आणि पाळणाघर. हंगाम संपताच सामान गोदामात जाईल. हा खर्च साखरेच्या उत्पादनखर्चात धरा. यंत्रावर छप्पर घालणारा सहकार माणसाला पाचटाखाली ठेवतो, याचा जाब कार्यकर्त्यांनी कारखान्यांच्या वार्षिक सभांत विचारलाच पाहिजे.