मुख्याध्यापकालाही शिकवावे लागते

‘पंचवीस वर्षे वर्गात काढलेल्या माणसाला आता कोण काय शिकवणार?’ मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला की हा आक्षेप ठरलेला. त्यामागे ज्येष्ठांविषयीचा आदर आहे. युक्तिवाद मात्र चुकीचा आहे.

महाराष्ट्रातल्या खासगी शाळांसाठीची १९८१ची सेवाशर्ती नियमावली माध्यमिक मुख्याध्यापकाकडे पदवी, बी.एड. आणि किमान पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव मागते, आणि निवड सेवाज्येष्ठतेने होते. संस्थाचालकांच्या मर्जीला त्यामुळे आळा बसतो, म्हणून ज्येष्ठतेला माझा विरोध नाही. पण तो अनुभव अध्यापनाचा आहे. गणित उत्तम शिकवणाऱ्या बाईंनी दुसऱ्याचा तास मागच्या बाकावर बसून क्वचितच पाहिलेला असतो. तास पाहिल्यावर, कालपर्यंत शेजारी बसून डबा खाणाऱ्या सहकाऱ्याला त्यातली उणीव कशी सांगायची, हे तर त्यांना कोणीच शिकवलेले नसते. शिवाय संचमान्यता, शालार्थची पगारबिले, यू-डायस, पोषण आहाराच्या नोंदी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा हे सगळे एकाच दिवशी अंगावर येते. आणि पोक्सो! हाताखालच्या कर्मचाऱ्याने मुलांवर केलेला लैंगिक गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला २०१२चा हा कायदा एक वर्षापर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगतो. एखादी मुलगी रडत कार्यालयात आली, तर पहिला फोन संस्थेच्या अध्यक्षांना करायचा की पोलिसांना? हे चुकतमाकत शिकण्याची मुभा कोणालाही देता येणार नाही, कारण चुकीची किंमत ती मुलगी मोजते.

चुकतमाकत शिकायला वेळ तरी कुठे असतो? निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. ज्येष्ठतेने खुर्ची मिळते तेव्हा अनेकांच्या हाती मोजकीच वर्षे उरलेली असतात.

दुसरा आक्षेप ‘प्रशिक्षणे आधीच उदंड झाली’ हा. यात तथ्य आहे. बारा वर्षांनी वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणीचे प्रशिक्षण होते, पण ते वेतनाशी जोडलेले आहे, पदाशी नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांकडून वर्षाला पन्नास तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा केली आहे. पण तास चित्रफिती पाहूनही भरतात. मागणी आणखी तासांची नाही. पद हाती येण्यापूर्वीच्या तयारीची आहे. सिंगापूरने २००१पासून भावी मुख्याध्यापकांसाठी सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम चालवला. आपल्याकडे अशी तयारी तर अधिक सोपी आहे, कारण ज्येष्ठता यादी आणि निवृत्तीची तारीख दोन्ही आधीपासून कागदावर असतात.

‘मुख्याध्यापकाला अधिकारच नाहीत, मग शिकून काय उपयोग?’ असेही म्हटले जाते. नेमणुका आणि निधी त्याच्या हाती नाहीत, हे खरे. पण वेळापत्रक, वर्गनिरीक्षण, पालकसभा, मागे पडलेल्या मुलांसाठीचा जादा तास, नव्या शिक्षकाला दिलेला धीर हे सगळे त्याच्याच हातात असते, आणि मुलांचे शिकणे यावरही अवलंबून असते.

तयारीला जोड हवी ती सोबतीची. पहिली दोन वर्षे प्रत्येक नव्या मुख्याध्यापकाला एक मार्गदर्शक मुख्याध्यापक मिळावा. हे काम केंद्रप्रमुखांवर टाकू नये. जो तपासणीला आणि माहिती गोळा करायला येतो, त्याच्यापुढे कोणी आपली अडचण उघड करत नाही. मार्गदर्शक दुसऱ्या संस्थेतला, कार्यरत किंवा नुकताच निवृत्त झालेला असावा. त्याने महिन्यातून अर्धा दिवस शाळेत यावे, एक तास जोडीने पाहावा, मग दार लावून बोलावे. त्याचा अहवाल वर जाऊ नये. त्याला मानधन आणि प्रवासखर्च मात्र वेळेवर मिळावा. शेजारच्या शाळांनी एकमेकींना आधार द्यावा, हा विचार आपल्याला परका नाही. कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक ज्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, त्या आयोगाने १९६६मध्येच शाळासंकुलांची शिफारस केली होती.

येत्या ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांच्या जागी ज्येष्ठतेने कोण येणार, हे आजच सांगता येते. शिक्षण विभागाने त्या शिक्षकांची तयारी दिवाळीनंतर सुरू करावी आणि पदमान्यतेच्या आदेशातच मार्गदर्शकाचे नाव लिहावे.