वाचनाची सूत्रे कोणाच्या हाती?

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि बुलढाणा जिल्ह्याचे नाव काही दिवसांतच सर्वदूर पोहोचले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत सरोवराची छायाचित्रे समाजमाध्यमांवरून हातोहात फिरली. तर्कवितर्कांना ऊत आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, पाण्याचे नमुने तपासणीस गेले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने उलगडाही केला. उन्हामुळे बाष्पीभवन होऊन पाणी आटले, क्षारता वाढली आणि अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने पाण्याला ती छटा आली. प्रारंभी केवळ शेवाळावर संशय होता. तो तपासणीत टिकला नाही. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचा समावेश रामसर यादीतील पाणथळ स्थळांत झाला.

आता प्रश्न असा की, ज्यांनी गुलाबी पाण्याचे छायाचित्र पाहिले त्यांपैकी किती जणांपर्यंत हा उलगडा पोहोचला? आपल्या परिचितांना विचारून पाहावे. रंग बहुतेकांना आठवतो, कारण क्वचितच कोणाला सांगता येते. हा वाचकांच्या आळसाचा दोष म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु दोषाचे मूळ, बातमी आपल्यापर्यंत ज्या वाटेने येते त्या वाटेत आहे.

निवड करणारे यंत्र

एखाद्या संस्थेचे वा नियतकालिकाचे पान फेसबुकवर ‘आवडले’ असे नोंदवले म्हणजे तिचे सर्व लेखन आपल्याला दिसत राहील, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. फेसबुकचा वृत्तप्रवाह २००६ मध्ये सुरू झाला. काय वर दिसावे आणि काय खाली बुडावे हे तेथे यंत्र ठरवते. ट्विटर आणि इन्स्टाग्राम यांनीही २०१६ मध्ये निव्वळ कालक्रम बाजूला सारून स्वतःचा क्रम लावण्यास आरंभ केला. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आप्तमित्रांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले आणि वृत्तसंस्थांची पाने एका निर्णयासरशी मागे ढकलली गेली. वाचकाला कोणी विचारले नाही. या यंत्राचे गणित सरळ आहे : ज्यावर लोक थबकतात, चिडतात, हळहळतात, ते वर. आश्चर्याला तेथे मान आहे. शांतपणे दिलेल्या स्पष्टीकरणाला नाही.

वर्गणीदाराची जुनी रीत

याला पर्याय नाही असे नव्हे. तो समाजमाध्यमांहून जुना आहे. १९९९ मध्ये नेटस्केप या कंपनीत जन्मलेल्या या सोयीला आरएसएस फीड म्हणतात. (ही अक्षरे वाचताच आपल्याकडे नागपूरच्या संघटनेचे स्मरण होते, येथे अभिप्रेत आहे ती निव्वळ संगणकीय रचना.) तिच्या घडणीत पुढे हात लावणाऱ्यांत अ‍ॅरन स्वार्ट्झ हा अमेरिकन मुलगा होता आणि तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

रचना अशी : संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची यादी एका ठरावीक साच्यात ठेवते. वाचक आपल्या फोनमधील वाचनयंत्रात हव्या त्या संकेतस्थळांचे पत्ते नोंदवतो. नवे काही आले की ते, ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने, त्याच्यापुढे येते. पूर्वी मासिकाची वर्गणी भरली की अंक टपालाने घरी येत असे. कोणता अंक द्यावा आणि कोणता मागे ठेवावा हे पोस्टमन ठरवत नसे. फीड म्हणजे तीच रीत आहे, आणि तिला वर्गणीही पडत नाही.

मग ती मागे का पडली? गूगलने आपले ‘रीडर’ १ जुलै २०१३ रोजी बंद केले तेव्हा अनेकांनी फीडचा मृत्युलेख लिहिला. तो अकाली ठरला. फीडचा कोणी एक मालक नाही, म्हणून एका दुकानाला टाळे लागल्याने ती संपली नाही. आजही पॉडकास्टचे भाग श्रोत्यांपर्यंत पोहोचतात ते मुख्यतः याच मार्गाने. वाचकाला आपली यादी उचलून एका वाचनयंत्रातून दुसऱ्यात नेता येते. समाजमाध्यमावर जमवलेला गोतावळा असा उचलून नेता येत नाही. ज्या सोयीत वाचकाला बांधून ठेवता येत नाही, तिची जाहिरात करण्यात बड्या कंपन्यांना रस नसावा, हे ओघानेच आले.

आपल्या दारचा प्रश्न

हा विषय संगणकतज्ज्ञांचा आहे असे मानून शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनी तो टाळू नये. कारण त्याची झळ त्यांनाच लागते. मेहकरच्या वा चिखलीच्या शाळेत बदलीचा, वेतनाचा, रजेचा शासन निर्णय आज बहुधा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून येतो. तो कधी जुना असतो, कधी अर्धा, कधी पहिले पान गाळून पाठवलेला. शासन निर्णयाच्या शेवटी संगणक संकेतांक छापलेला असतो. तो पाहून मूळ संकेतस्थळावर खातरजमा करणे दोन मिनिटांचे काम आहे. पण गटात आलेला कागद खरा मानण्याची सवय त्या दोन मिनिटांनाही महाग समजते. खामगाव वा मलकापूरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाने लोकसेवा आयोगाची सूचना मित्राच्या मित्राकडून ऐकावी, आणि अर्जाची मुदत चुकल्यावर नशिबाला बोल लावावा, हे दृश्यही दुर्मीळ नाही.

समाजमाध्यमांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. जेथे वर्तमानपत्र दुपारी पोहोचे तेथे त्यांनी बातमी क्षणात पोहोचवली. अनपेक्षित काही चांगले वाचायला मिळते तेही बव्हंशी तेथेच, आणि फीडमध्ये ते सुख नाही. तेथे जे पेराल तेच उगवते. शिवाय संकेतस्थळाने सोयच ठेवली नसेल तर वाचक काय करणार? म्हणूनच मागणी सरकारकडेही केली पाहिजे. रिझर्व्ह बँक आणि केंद्राचे पत्र सूचना कार्यालय फीड देतात. ज्या निर्णयांवर लाखो कुटुंबांचे वेतन, प्रवेश आणि नेमणुका अवलंबून असतात, त्या राज्याच्या प्रत्येक विभागाने, प्रत्येक विद्यापीठाने आणि जिल्हा परिषदेने ती दिलीच पाहिजे. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि अनुदानित ग्रंथालये गावोगाव आहेत. तेथील ग्रंथपालाने वाचकाला एका दुपारी ही यादी करायला शिकवावी. त्यासाठी पैसा लागत नाही.

चव्हाट्यावर जाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु चव्हाट्यावर कानी पडेल तेच आपले वाचन, असे ज्या समाजात ठरते, त्या समाजाला पाणी गुलाबी झाल्याचे कळते. ते का झाले, हे मात्र कळत नाही. काय वाचावे हे ठरवण्याचा हक्क आपल्याकडून कोणी हिसकावून घेतलेला नाही. तो आपणच सोयीपायी हातचा सोडला आहे, आणि म्हणूनच तो परत घेणेही आपल्याच हाती आहे.