आरोग्यविचार : हाडांची ठेव

लठ्ठपणावरील जठर-बायपास शस्त्रक्रियेनंतर वजन उतरतें व घरांत समाधान होतें. परंतु अन्नांतील कॅल्शियम आतां कमी शोषलें जातें. शरीर तें हाडांच्या ठेवींतून काढतें. रक्ताचा आंकडा ठीक दिसतो, आणि हाडें मात्र विरळ होत जातात.

आजींकरितां आणलेली कार्बोनेटची गोळीच चालेल, असें कित्येकांस वाटतें. पण तिला जठरांतील आम्ल लागतें, आणि तेंच आतां थोडें. सायट्रेट आम्लावांचूनहि शोषलें जातें. दिवसास सामान्यतः १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें. एका वेळीं ५०० ते ६०० हून अधिक घेऊं नये. वेष्टनावर गोळीचें वजन नव्हे, मूळ कॅल्शियमचें प्रमाण पहावें. १००० मिलिग्रॅम सायट्रेटमध्यें तें सुमारें २१० च असतें. लोहाची गोळी दोन तासांच्या अंतरानें घ्यावी. ड जीवनसत्त्वाचें प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें. हा नेम जन्मभराचा आहे.