प्लॅन लिहिण्याआधी पंचांग उघडा

मृगाचा पाऊस पडला की आपल्यापैकी अनेकांचे फोन वाजू लागतात. "सर, गोव्याला नाव घातलंय. वीस आठवड्यांचा प्लॅन द्या." घ्यायची मेहनत घ्यायला मंडळी तयार असतात. तक्ताही आपल्याकडे तयार असतो आणि बहुतेक वेळा तो थंड हवेच्या देशात लिहिलेला असतो. रत्नागिरीत तो जसाच्या तसा उचलला की गाडी कुठे अडते, याबद्दल या अंकात चार शब्द.

मिरामारची हाफ आयर्नमॅन म्हणजे समुद्रात १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणे. पहिली शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी झाली आणि बिश्वरजित सैखोम या आपल्याच देशाच्या खेळाडूने ती जिंकली. २०२३ ची शर्यत ८ ऑक्टोबरला होती, २०२४ ची २७ ऑक्टोबरला. या तारखांपासून वीस आठवडे मागे मोजले की आपण मेच्या उत्तरार्धात नाहीतर जूनच्या सुरुवातीला येऊन पोहोचतो. म्हणजे सगळी तयारी मृगापासून हस्तापर्यंतच्या पावसात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि पुढेही नारळी पौर्णिमेपर्यंत जाणता कोळी समुद्राच्या वाटेला जात नाही. आपला खेळाडू मात्र तक्त्यात 'आठवडा ९ : खुल्या पाण्यात दोन किमी' असे वाचतो आणि रविवारी भाट्याला जाऊन उभा राहतो.

म्हणून पहिली सूचना अशी, की समुद्राचे शिक्षण फेब्रुवारी ते मेमध्ये उरकावे. लाटेतून आत शिरणे, मान वर काढून दिशा धरणे, गर्दीत श्वास न चुकवणे हे सगळे पावसाळ्याआधी अंगवळणी पडले पाहिजे. पावसाळ्यात तलावात फक्त तंत्र आणि दम टिकवायचा. शर्यतीआधी समुद्र निवळला तर दोन-तीनदा उजळणी करावी. तेवढ्या दिवसांत नव्याने शिकवणे होत नाही.

उन्हाळ्यातही पोहण्याची वेळ घड्याळावर ठरवून चालत नाही. किनाऱ्यावरचे जुने गणित तुम्हाला ठाऊक आहेच : तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमीला सहा वाजता भरती, शिवाय भांग असल्याने पाण्याला ओढ कमी. सकाळी सहाच्या बॅचला यापेक्षा चांगला दिवस नाही. उलट चतुर्थीला भरती पहाटे तीनला येते, सहा वाजता ओहोटी ऐन भरात असते आणि उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नसतो. काजळी नदीचे पाणी भाट्याच्या खाडीतून अशा वेळी बाहेर कसे धावते ते पुलावरून एकदा खेळाडूंना दाखवा, मग नियम समजावून सांगावा लागणार नाही. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे छापील तक्ते पाहावेत, पण आठवड्याची आखणी करताना तिथी हाताशी असावी. दर रविवारी समुद्र, हा नियम आपल्या किनाऱ्याला लागू पडत नाही.

दुसरा मुद्दा दमट हवेचा. क्रिस्टियन ब्लुमेनफेल्टने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकचे सुवर्ण जिंकले, गुस्ताव इडेनने २०२२ मध्ये हवाईतल्या कोना इथली जागतिक आयर्नमॅन जिंकली. दोघेही नॉर्वेचे. उष्णतेची सवय व्हावी म्हणून या मंडळींनी मुद्दाम उकाड्यात सराव केला. आपल्याला तो उकाडा दारातच मिळतो आणि त्याचा फायदाही खरा आहे. दहा ते चौदा दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातले मीठ घटते. पण त्याच नॉर्वेकरांनी बोटातून रक्ताचा थेंब काढून लॅक्टेट तपासत वेग आवरला, हा अर्धा भाग आपल्याकडे पोहोचतच नाही. हवेत आर्द्रता इतकी असते की घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि न वाळलेला घाम शरीर थंड करत नाही. आरे-वारेच्या चढावर पुण्याच्या जानेवारीतला वेग मागणे म्हणजे हृदयाला दुप्पट काम लावणे. वेग नाडीवर ठरवा. लांब पल्ल्याच्या धावण्याचे दोन भाग करा. वेग तोच असून दुसऱ्या भागात नाडी सारखी चढत गेली, तर त्या दिवसाचा वेग चुकला.

घामाचा हिशेब वजनकाट्यावर होतो. समजा, खेळाडू निघताना ६८ किलो आहे, दीड तास धावून आल्यावर ६६.६ भरतो आणि वाटेत अर्धा लिटर प्यायला आहे. एकूण घट १.९ लिटर, म्हणजे तासाला सव्वा लिटरहून थोडी जास्त. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा निघतो, म्हणून एकाच बाटलीचा सल्ला सगळ्यांना देऊ नये. गेलेले सगळे पाणी वाटेतच भरून काढायचा हट्टही नको, कारण नुसते पाणी पीत राहिल्याने रक्तातले सोडियम उतरते आणि ते जिवावर बेतू शकते. शहाळ्यावर आपला भरवसा मोठा, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडे. चार तास सायकल मारणाऱ्याला त्यात मीठ घालूनच द्या. मीठ-साखर घातलेले कोकम सरबत किंवा सरावानंतर मिठाची पेज यात कमीपणा काही नाही. तासाला ६० ग्रॅमच्या घरात कर्बोदके पोटाला पेलायची सवय मात्र सरावातच लावावी लागते.

पावसातल्या सायकलीबद्दल थोडक्यात : ओला उतार आणि शेवाळलेला जांभा यांच्याशी पैज लावू नका. लांब सराव घरात ट्रेनरवर घ्या, समोर पंखा ठेवा.

शेवटी विश्रांती. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत संपवली, तेव्हापासून 'मलाही जमेल' म्हणणारे चाळिशीतले नोकरदार आपल्याकडे येतात. त्यांना जमतेही. पण त्यांच्या थकव्यात ऑफिस, घर आणि अपुरी झोपही असते. सकाळची नाडी चढलेली, झोप तुटलेली, चिडचिड, मेहनत वाढूनही वेळ तीच : ही लक्षणे दिसली की पुढचा आठवडा अर्धा करा. खेळाडू स्त्रियांना पाळीबद्दल संकोच न करता विचारा. पाळी लांबली किंवा थांबली, तर खाणे सरावाला पुरत नसण्याची शक्यता मोठी असते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्येच या अवस्थेकडे लक्ष वेधले आहे. अशा वेळी डॉक्टर गाठा, तक्ता बाजूला ठेवा.

कडक सराव करून घेणे सोपे आहे, खेळाडू त्यासाठीच पैसे देतो. जूनमध्ये आलेल्याला समुद्रात पोहता येत नसेल, तर फी हातची गेली तरी त्याला स्पष्ट सांगा : यंदा धावणे आणि सायकल पक्की कर, फेब्रुवारीत समुद्रावर ये, गोवा पुढच्या वर्षी.