ओकलंडचा फुटबॉल मास्तर आणि जिना असलेला मनोरा

१३ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या ओकलंड शहरात, लेनी कॉलेजच्या क्रीडा इमारतीत, जॉन बीम यांच्यावर भर दिवसा गोळी झाडण्यात आली. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. वय ६६ वर्षे. आपल्याकडे ही बातमी कोणाच्या फारशी लक्षात राहिली नसेल. अमेरिकेत गोळीबार नित्याचाच झाला आहे आणि मरणारा माणूस ना राजकारणी होता, ना उद्योगपती. एका सार्वजनिक महाविद्यालयात फुटबॉल शिकवणारा मास्तर होता. तरीही आंबेडकरी चळवळीच्या वाचकाने या माणसाच्या कारकिर्दीकडे थोडे थांबून पाहावे, असे आम्हास वाटते. कारण हे शहर आपल्या ओळखीचे आहे.

१९६६ च्या ऑक्टोबर महिन्यात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी याच ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. दोघेही मेरिट कॉलेजचे विद्यार्थी. हे मेरिट आणि बीम यांचे लेनी, ही दोन्ही महाविद्यालये एकाच पेराल्टा कम्युनिटी कॉलेज जिल्ह्याची. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदींनी दलित पँथर उभी केली तेव्हा नाव तेथूनच आले. आपल्या सभांमधून त्या पँथरच्या बंदुकांची आणि काळ्या जाकिटांची चर्चा खूप झाली. परंतु ती चळवळ ज्या अंगणात जन्मली ते गरिबाच्या पोराला दारात न अडवणारे सार्वजनिक महाविद्यालय होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाने दलित साहित्याला काय दिले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ज्युनिअर कॉलेज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अकरावी-बारावी येते. अमेरिकेत ज्युनिअर कॉलेज किंवा कम्युनिटी कॉलेज म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षे. ती पूर्ण करून विद्यार्थी चार वर्षांच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. (त्यांचा फुटबॉलही आपला नव्हे. तो लांबुळका चेंडू हातात घेऊन, छाताडाला छाताड भिडवून खेळायचा खेळ आहे.) कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये उच्च शिक्षणाचा एक महाआराखडा केला. गुणवत्तेत वरचा आठवा हिस्सा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, वरचा तिसरा हिस्सा राज्य विद्यापीठांत आणि उरलेल्या सर्वांसाठी ज्युनिअर कॉलेज. म्हणजे पुन्हा उतरंडच! आम्ही या आराखड्याचे भाट नाही. ज्या समाजात काळ्या वस्तीतली शाळा आणि गोऱ्या वस्तीतली शाळा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, तेथे ‘गुणवत्तेचा आठवा हिस्सा’ कोणाच्या घरात जन्मतो हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पण फरक आहे, आणि तो मोठा आहे. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात हिंदू समाजाला मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली होती. मजले आहेत, जिना नाही. कॅलिफोर्नियाच्या आराखड्यात मजले होते तसा जिनाही होता, आणि तो कायद्याने बांधलेला होता. खालच्या मजल्यावर प्रवेशाला अट नाही. १९८४ पर्यंत शिक्षणशुल्कही नव्हते. आज एका युनिटला ४६ डॉलर आकारले जातात आणि गरिबाला त्यातून माफी मिळते. राज्यात अशी ११६ महाविद्यालये आहेत. या जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून पोरांना वर ढकलणे, हीच जॉन बीम यांची कारकीर्द.

आधी ते ओकलंडच्या स्कायलाईन हायस्कूलमध्ये प्रशिक्षक होते. तेथे त्यांच्या संघाने शहराच्या साखळी स्पर्धेची १५ विजेतेपदे मिळवली. २००४ मध्ये ते लेनीत आले, साहाय्यक म्हणून. २०१२ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०१८ मध्ये त्यांच्या संघाने राज्याचे विजेतेपद पटकावले. २०२४ नंतर मैदानावरची जबाबदारी सोडून ते केवळ क्रीडा संचालक म्हणून राहिले. त्यांच्या हाताखालून गेलेले किमान २० खेळाडू एनएफएल या व्यावसायिक साखळीपर्यंत पोहोचले. लेनीत शिकलेल्या सी. जे. अँडरसनने २०१६ च्या सुपर बोलमध्ये टचडाउन करून डेन्व्हरच्या विजयाला हातभार लावला. ज्यांच्या वडिलांचा खून झाला होता ते राईट बंधू, नॅशॉन आणि रेझॉन, दोघेही लेनीतूनच ओरेगन राज्य विद्यापीठात आणि तेथून एनएफएलमध्ये गेले.

परंतु स्वतः बीम अभिमानाने सांगत तो आकडा वेगळाच होता. आपले ९० टक्क्यांहून अधिक खेळाडू पदवी घेतात अथवा चार वर्षांच्या विद्यापीठात जातात, हा तो आकडा. फुटबॉलचा प्रशिक्षक आणि त्याचा अभिमान गुणपत्रिकेवर! आमच्या मते हा माणूस येथेच कळतो. व्यावसायिक साखळीत पोहोचणारी पोरे बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांचे गुडघे तेवढे खिळखिळे होतात. त्या बाकीच्यांचे काय, हा प्रश्न ज्या प्रशिक्षकाला पडतो तोच शिक्षक. इतर मुकादम.

२०२० साली नेटफ्लिक्सवर ‘लास्ट चान्स यू’ या माहितीपट मालिकेचा पाचवा भाग आला, तो लेनीच्या २०१९ च्या हंगामावर होता. आधीच्या भागांतली महाविद्यालये मिसिसिपी आणि कॅन्सस राज्यांतली. तेथे देशभरातून खेळाडू आणायचे, वसतिगृहात ठेवायचे, दोन वर्षे पिळून घ्यायचे आणि मोठ्या विद्यापीठांना पुरवायचे, असा कारखानाच होता. कॅन्ससच्या इंडिपेंडन्स कॉलेजच्या प्रशिक्षकाने एका जर्मन खेळाडूला ‘मी तुझा नवा हिटलर’ अशा अर्थाचा संदेश पाठवला आणि २०१९ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. लेनीत वसतिगृहच नाही. कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे ज्युनिअर कॉलेजच्या खेळाडूला क्रीडा शिष्यवृत्तीही देता येत नाही. पोरे गावातलीच. एक जण दिवसभर सराव आणि तास करून हॉटेलात काम करी आणि रात्री आपल्या मोटारीत झोपे. आमच्याकडचा विद्यार्थी रात्रपाळीत सिक्युरिटी गार्डची नोकरी करतो आणि सकाळी वर्गात पेंगतो, त्याचाच हा भाऊ. नोकरदार विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग भरवणारे सिद्धार्थ महाविद्यालय बाबासाहेबांनी १९४६ मध्ये का काढले, हे या पोराला एका वाक्यात समजले असते.

आता कायद्याकडे वळू. या जिन्याची किंमत अलीकडच्या निकालांमुळे अधिक वाढली आहे. १९७८ च्या बाकी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरावीक राखीव जागा रद्द केल्या, पण प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मुभा ठेवली. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव २०९ मंजूर करून राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांपुरती ती मुभाही काढून घेतली. २०२० मध्ये ती परत आणण्याचा प्रयत्न मतपेटीतच पडला. २०२३ मध्ये हार्वर्ड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभर ते दार लावून घेतले. वरच्या मजल्याचे दार असे एकेक करून बंद होत असताना खालून वर जाणारा ज्युनिअर कॉलेजचा जिना मात्र शाबूत राहिला.

त्यावरही खिळे ठोकलेले होतेच. विद्यापीठीय खेळांची एनसीएए ही संघटना ज्युनिअर कॉलेजात खेळलेली वर्षे खेळाडूच्या पात्रतेच्या वर्षांतून वजा करते. म्हणजे जो श्रीमंत शाळेतून थेट विद्यापीठात गेला त्याला पुरी वर्षे, आणि जो खालून चढला त्याची वर्षे कापली. डिएगो पाविया या खेळाडूने हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्याखाली न्यायालयात नेला. डिसेंबर २०२४ मध्ये टेनेसीतील संघीय न्यायालयाने त्याला मनाई हुकूम दिला आणि पुढल्या हंगामापुरती एनसीएएला त्याच्यासारख्या इतरांनाही सवलत द्यावी लागली. २०२१ च्या ऑल्स्टन निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने या संघटनेच्या निर्बंधांना तडाखा दिला होता. जून २०२५ च्या तडजोडीनंतर मोठी विद्यापीठे वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना वाटू शकतात. घाम गाळणाऱ्याला त्याचा वाटा मिळू लागला, हे आम्ही स्वागतार्हच मानतो. मात्र एवढा पैसा ओतणारी विद्यापीठे कच्च्या पोराला घडवत बसतील की दुसऱ्याने घडवलेला तयार खेळाडू उचलतील? उत्तर बाजार देईल, आणि बाजाराचे उत्तर आपल्याला माहीत आहे.

बाजाराने ओकलंडला काय दिले तेही पाहा. २०१९ मध्ये वॉरियर्स हा बास्केटबॉल संघ सॅन फ्रान्सिस्कोला गेला. २०२० मध्ये रेडर्स लास व्हेगासला. २०२४ चा हंगाम संपवून बेसबॉलचा अ‍ॅथलेटिक्स संघही निघून गेला. १९८० च्या जनगणनेत ज्या शहरात जवळपास निम्मे लोक काळे होते तेथे २०२० मध्ये ते साधारण पाचवा हिस्सा उरले. घरभाड्याने त्यांना हुसकावले. याच अ‍ॅथलेटिक्सच्या मालकांचा २०१७ मध्ये लेनी कॉलेजला लागून असलेल्या पेराल्टा जिल्ह्याच्या जागेवर डोळा होता. तेथे त्यांना स्टेडियम बांधायचे होते. विद्यार्थी आणि प्राध्यापक उभे राहिले, मंडळाने बोलणी थांबवली. धनदांडगा संघ गाव सोडून गेला, कॉलेजचे मैदान जागेवर राहिले. आणि त्याच मैदानालगत मास्तरला गोळी लागली.

आदल्याच दिवशी स्कायलाईन हायस्कूलमध्येही एक विद्यार्थी गोळीने जखमी झाला होता. बीम यांच्या प्रकरणात पकडलेला २७ वर्षांचा तरुण हा त्याच स्कायलाईनचा, बीम तेथून गेल्यानंतरच्या काळातला, माजी खेळाडू आहे. त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. दोष सिद्ध करणे न्यायालयाचे काम आहे, ते काम वृत्तपत्राने करू नये, हे पथ्य आम्ही आमच्या लोकांवरील खटल्यांत मागतो तसे येथेही पाळतो. मात्र बंदूक किराणा मालासारखी हाती लागणाऱ्या देशात केवळ एका मास्तरच्या चांगुलपणावर वस्ती वाचत नाही, हे लिहायला कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.

आणि म्हणूनच मसीहा-कथांचा आम्हास तिटकारा आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉलचे काम सुरू केले. त्यावर नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये ‘झुंड’ काढला. त्यात जयंतीचा प्रसंग आला, बाबासाहेबांची प्रतिमा पडद्यावर आली आणि आपली छाती भरून आली. ती येणारच. पण चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर आपल्यापैकी किती जणांनी आपल्या पोराच्या कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालकाचे पद भरलेले आहे काय, हे विचारले? पद रिक्त असते. काम तासिका तत्त्वावर उरकले जाते. मैदानावर लग्नाचे मांडव पडतात. आणि प्रवेशाच्या पावतीवर ‘जिमखाना फी’ मात्र दरवर्षी न चुकता छापलेली असते.

ही पावती घरात शोधा. अनुदानित महाविद्यालय माहिती अधिकार कायदा २००५ च्या कक्षेत येते. कलम ६ खाली दहा रुपयांचा अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही खर्च नाही, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. गेल्या तीन वर्षांत जिमखाना फी किती जमा झाली, कशावर खर्च झाली, क्रीडा संचालकाचे पद केव्हापासून रिक्त आहे आणि मैदान कोणाकोणाला भाड्याने दिले, एवढे चार प्रश्न पुरेत. ज्या तालुक्यात अर्ज लिहून द्यायला कोणी नसेल तेथील कार्यकर्त्यांनी आमच्याकडे यावे. मसुदा आम्ही करून देऊ.